चाकातली हवा, दोराचा हुक आणि भरतीची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळात आणि सलग सुट्ट्यांत कोकणच्या किनाऱ्यावरून एक छायाचित्र हटकून छापून येते. दारापर्यंत पाण्यात उभी जीप, भोवती बघे आणि दोर बांधून तयार असलेला गावातला ट्रॅक्टर. खाली 'हौस नडली' अशा अर्थाची ओळ असते आणि बातमी तिथेच संपते. गाडी का रुतली, ती कशी काढायला हवी होती आणि मुळात तिथे जायला हवी होती का, याबद्दल एक ओळही नसते. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, चालवण्याची हौस असलेल्यांची संख्या झपाट्याने वाढते आहे. त्यामुळे या तीन प्रश्नांची उत्तरे आता वर्तमानपत्रात यायला हवीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

गाडी रुतते ती इंजिनाची ताकद कमी पडते म्हणून, हा समज बहुतेक वायफळ खर्चाच्या आणि बऱ्याच अपघातांच्या मुळाशी आहे. खरे तर ताकद नको तिथे जास्त वापरल्यामुळेच ती रुतते.

आधी गाडीविषयी. उंच गाडी म्हणजे फोर-बाय-फोर नव्हे. महिंद्राच्या थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३मध्ये आली. ती बाहेरून चारही चाकांवर चालणाऱ्या थारसारखीच दिसते, पण तिला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) नाही आणि लो रेंजही (जास्त जोराचा, संथ गिअर) नाही. अशा गाड्या घेऊन लोक वाळूत उतरतात. खरी फोर-बाय-फोर असेल तरी भारतात मिळणाऱ्या थार, जिमनी आणि गुरखा या तिन्ही पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या, प्रकारच्या आहेत. फोर-हायमध्ये (चारही चाके, नेहमीचा वेग) टाकल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडले जातात. डांबरावर तशीच चालवली तर वळताना दोन्ही एक्सलांना वेगळे अंतर कापायचे असते, ते जमत नाही, आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून डांबर सुटताना फोर-हाय आणि डांबर लागताच पुन्हा टू-हाय (फक्त मागची चाके). लो रेंज टाकायची तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. त्यात चाकाला मिळणारा जोर दुप्पट ते अडीचपट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो.

फोर-बाय-फोर असूनही गाडी एका जागी अडते ती डिफरन्शियलमुळे, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीमुळे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि हवेत लटकलेल्या चाकाला फिरायला जेवढा लागतो तेवढाच तो असतो, म्हणजे जवळपास शून्य. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखात पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिफरन्शियल चालकाला लॉक करता येतात. जिमनीत घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागून जोर दुसरीकडे जातो. या दुसऱ्या प्रकारात ॲक्सिलरेटर स्थिर धरून एक-दोन सेकंद वाट पाहावी लागते. चाक फिरताना दिसले की घाबरून पाय काढणारे त्या यंत्रणेला कामच करू देत नाहीत. कोरड्या वाळूत मात्र ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवावा. चाक जरा घसरले की तो इंजिनाचा जोर काढून घेतो आणि गाडी जागच्या जागी बसते.

आता हवा. डांबरावर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असलेली हवा कोरड्या वाळूसाठी १५ ते १८वर आणावी. टायर चपटा झाला की रुंदीला थोडाच वाढतो, लांबीला मात्र भरपूर. जमिनीवरचा त्याचा ठसा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबतो, तेच वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक वाळूत शिरण्याऐवजी तिच्यावरून जाते. विंच (तार गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र), मोठे टायर किंवा महागडे सस्पेन्शन यांपैकी कशानेही इतका फरक पडत नाही, आणि यासाठी लागतो तो चांगला गेज, व्हॉल्व्ह काढायची चिमुकली चावी आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्यावा. लायटरच्या खाचेत लावायचा छोटा पंप मोठ्या टायरला पुरत नाही, आणि ताण दिला तर फ्यूज उडतो.

हवा १२पर्यंत उतरवायची ती रुतल्यावरचा उपाय म्हणून, निघतानाच नव्हे. तेवढ्या हवेवर जोरात स्टेअरिंग वळवले तर टायरची कड रिमवरून सुटते आणि आत वाळू शिरते. खडकाळ वाटेवर २० ते २२ पुरे. त्याखाली टायर इतका फुगतो की बाजूची भिंत धारदार दगडाला भिडते, आणि ट्यूबलेसचा प्लग भिंतीच्या छिद्राला चालत नाही. कमी हवेवर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये. भिंत सतत दुमडून तापते आणि आतून फाटते. डांबर लागले की हवा भरायची आणि मगच पुढे निघायचे. परतीच्या घाईत नेमके हेच राहून जाते.

चिखलाचे गणित वेगळे. वर चिकण आणि खाली घट्ट मुरूम असेल तर चाकाला खालपर्यंत पोहोचू द्यावे, हवा फार कमी करू नये. देशावरची काळी माती पावसानंतर टायरच्या खाचा अशा भरून टाकते की चिखलासाठीचा उत्तम मड टेरेन टायरही गुळगुळीत होतो. तिथे त्या दिवशी न जाणे एवढाच उपाय आहे.

वाळूत चालवताना थांबायचे तर ब्रेक मारू नये, गाडीला आपोआप थांबू द्यावे. ब्रेक लागला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. गाडी उताराकडे तोंड करून उभी करावी. चाक एकदा जागेवर फिरले की लगेच पाय काढावा, कारण प्रत्येक फेऱ्यात ते आणखी खाली जाते आणि थोड्याच वेळात एक्सल वाळूवर टेकतो. मग चारही चाके फिरत असली तरी गाडीचे वजन पोटावर असते. अशा वेळी आधी पोटाखालची, विशेषतः डिफरन्शियलच्या फुगवट्याभोवतीची वाळू फावड्याने काढावी, मग चारही चाकांपुढे लांब उतार खणावा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करावी, चाके सरळ आहेत का ते खाली उतरून डोळ्यांनी पाहावे आणि आपल्याच चाकोरीतून मागे निघावे. पुढे जायचा हट्ट केला तर पुन्हा न तुडवलेली वाळू समोर असते. दहा मिनिटांच्या खणण्याने सुटणारी गाडी दोन मिनिटांच्या रेसने पार गाडली जाते.

पुळणीवर ही दहा मिनिटे असतात की नाही, हे भरती ठरवते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना सोपा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ वाजता, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. हा अंदाज आहे, छापील वेळापत्रकाची जागा तो घेत नाही, पण शहरातून आलेल्या माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. शिवाय पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या चढापैकी पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबई-अलिबागकडे पाण्याची पातळी ४ मीटरच्या आसपास बदलते, म्हणजे या दोन तासांत सुमारे २ मीटर. पुळणीचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर तेवढ्या वेळात पाणी १०० मीटर आत येते. सुरुवातीला ओहोटी बघून 'पाणी तर लांब आहे' म्हणणाऱ्याची गाडी बुडते ती या गणितामुळे. ओल्या वाळूची घट्ट पट्टीही फसवी असते. जिथे वहाळ समुद्राला मिळतो तिथे वाळूच्या पोटात पाणी भरलेले असते आणि वरून घट्ट दिसणारी जागा चाकाखाली दलदल होते.

सगळ्यात गंभीर भाग गाडी ओढून काढण्याचा. वाळूत रुतून सहसा कोणी मरत नाही. तुटलेल्या दोराने, सुटलेल्या हुकाने माणसे मरतात.

दोराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत जिवावर बेतते. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणल्यावर ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि ती ऊर्जा हळूहळू परत देऊन अडकलेली गाडी बाहेर काढतो. पॉलिस्टरचा पट्टा जवळजवळ ताणत नाही, तो संथ ओढण्यासाठी. त्याला किंवा लोखंडी तारेला झटका दिला तर पहिले तुटते ते गाडीचे टोक. थारच्या वजनाच्या गाडीला २० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, ९ मीटर लांबीचा आणि भरलेल्या गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार सोसणारा कायनेटिक दोर पुरतो. भरलेली गाडी सव्वादोन टन धरली तर साधारण ७ टन. ओढणाऱ्या गाडीने एक-दोन मीटर ढील ठेवून, लो रेंजमध्ये, ताशी १० किलोमीटरच्या आत निघावे. लांबून पळत येऊन हिसका द्यायचा नाही.

दोर कुठे अडकवायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो झटक्यासाठी बनवलेला नसतो, तुटला तर तोफगोळ्यासारखा काच फोडून आत येतो, आणि परदेशात याने माणसे गेली आहेत. ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी खाली दिलेले पातळ हुकही नाहीत. बम्परमध्ये पेचाने बसवायचा आकडा सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढण्यापुरता आहे, रुतलेल्या गाडीच्या झटक्यासाठी नव्हे. चासीला बोल्टने बसवलेला, रेटिंग कोरलेला रिकव्हरी पॉइंटच हवा आणि त्यात ४.७५ टनांची बो-शॅकल (पिनेची लोखंडी कडी) किंवा सॉफ्ट शॅकल (दोराची कडी). दोन दोर लोखंडी शॅकलने जोडू नयेत. एक तुटला की ती शॅकल दुसऱ्याच्या टोकाला गोफणीतल्या दगडासारखी उडते. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड घोंगडी टाकावी. गाड्यांत फक्त चालक. बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर, बाजूला. मोबाइल धरून समोर उभे राहणारे बघे आधी हटवावेत आणि मगच दोराला ताण द्यावा.

कोकणात बहुतेक वेळा ओढायला ट्रॅक्टरच येतो आणि त्या चालकाच्या जिवाचा विचार कोणी करत नाही. दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच (मागे ओढण्यासाठी असलेल्या पट्टीला) बांधावा, मागच्या एक्सलच्या पातळीखाली. वर टॉप लिंकच्या (अवजाराचा वरचा दांडा जोडायच्या) जागी बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती फिरतो. पुढची चाके उचलली जातात आणि तो चालकाच्या अंगावर मागे पालथा होतो. हे इतक्या चटकन होते की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरने झटका द्यायचा नाही, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये संथ ताण द्यायचा. आणि पैसे आधी ठरवून पूर्ण द्यावेत. भर उन्हात काम सोडून आलेल्या माणसाशी घासाघीस करणाऱ्यांना पाहून आम्हाला लाज वाटते.

एवढे झाल्यावर गाडीतले बदल. नव्या मालकाचा पहिला खर्च बहुधा गाडी दोन इंच उंच करणाऱ्या लिफ्ट किटवर होतो. लिफ्टने शरीर उंच होते, पण डिफरन्शियलचा तळ होता तिथेच राहतो, आणि थार-जिमनीसारख्या गाडीत दगडावर टेकतो तो मागचा डिफरन्शियलच. त्याची उंची फक्त टायरच्या व्यासाने वाढते, तीही निम्म्याने. २४५/७५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर आहे. त्याजागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा टायर टाकला तर मिळतात ३२ मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०८ने धावते, ब्रेकला लांब अंतर लागते, क्लच लवकर जातो. लिफ्टने प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढतात, पुढच्या सीव्ही जॉइंटची रबरे फाटतात आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जाऊन आडव्या उतारावर ती लवकर कलंडते. रोज डांबरावर चालणाऱ्या गाडीला ऑल टेरेन टायरच योग्य. मड टेरेन पावसातल्या ओल्या घाटरस्त्यावर ब्रेक मारताना धोका देतो.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. कलम १८२अ(४)प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बुल बारवर (बम्परपुढचा लोखंडी कठडा) कारवाई करण्याचे पत्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना पाठवले होते. आमचे मत असे की पहिल्या वर्षी टायर, रिकव्हरी पॉइंट, दोर, फावडे, कॉम्प्रेसर आणि पोटाखालची पोलादी प्लेट यापलीकडे पैसा घालूच नये.

पाण्याबद्दल थोडे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० सांगितली जाते, पण ते आकडे साचलेल्या पाण्याचे आहेत, पुराच्या नव्हेत. वाहते पाणी ३० सेंटिमीटरलाच हलकी मोटार ढकलू शकते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या उचलते. फरशी पुलावर काठ दिसत नाहीत तेव्हा तर अजिबात जाऊ नये. स्नॉर्कलने (हवा घेणाऱ्या उंच नळीने) फक्त इंजिनाची हवा वर जाते. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते, म्हणून ब्रीदरची (डिफरन्शियलच्या हवेच्या छिद्राची) नळी वर नेलेली असावी. पाणी ओलांडल्यावर दोन दिवसांत गिअर ऑइल पाहावे. ते दुधी झाले असेल तर लगेच बदलावे. इंजिनाने पाणी प्यायल्याची शंका आली तर स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले नसेल तर साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही.

इतके सांगूनही कोकणच्या पुळणीवर गाडी नेऊच नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. वरचे तंत्र राजस्थानच्या वाळूत परवानगीने उतरणाऱ्यांसाठी आणि अडकलेल्यांना काढणाऱ्या गावकऱ्यांसाठी लिहिले. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत अंडी घालतात. पाण्यापासून लांब राहायचे म्हणून चालक गाडी घालतात तीही हीच पट्टी. दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेले पिल्लू चाकोरीत पडले तर ते वर चढू शकत नाही, चाकोरीतच भरकटते आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊन ही घरटी जपली आहेत. एका संध्याकाळच्या हौसेने त्यावर चाक फिरवणे आम्हाला असह्य वाटते. गोव्यात पुळणीवर गाडी चालवायला बंदी आहेच.

जांभ्याचे सडे, म्हणजे कोकणातली सपाट कातळी पठारे, त्याहून नाजूक. पावसाळ्यात ते हिरवेगार आणि मोकळे दिसतात, म्हणून गाड्या तिथे वळतात. पण कातळावर मातीचा थर बोटभर असतो. त्यात सीतेची आसवे, गेंद, कवला उगवतात, आणि आंबोलीत तर फक्त तिथेच सापडणारा बेडूककुळातला एक प्राणी कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो. एकदा चाकोरी पडली की पाणी तिच्यातून वाहते आणि माती कायमची निघून जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जमिनीलगत कोरलेली ही चित्रे गवतात गाडीतून दिसतही नाहीत. एक चाक पुरे होते.

मग चालवायचे कुठे? आमची सूचना बंद पडलेल्या चिरेखाणींची आहे. कोकणात त्या गावोगाव आहेत. माती आधीच निघालेली, चिऱ्यांच्या उभ्या पायऱ्या तयार, चिखल आहे, चढ आहे. ग्रामपंचायतीने मालकाच्या संमतीने आखून दिलेल्या वाटा, गाडीमागे शुल्क, पाणी साचलेल्या खड्ड्यांना कुंपण, कडेपासून तीन मीटर चुन्याची रेघ, आणि आत शिरताना प्रत्येक गाडीचा रिकव्हरी पॉइंट तपासणारा गावातलाच एक प्रशिक्षित माणूस. त्याला कायनेटिक दोर आणि ट्रॅक्टरचा ड्रॉबार यांचा एका दिवसाचा वर्ग पुरेल. गोव्यात २०१४पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेची भारतीय फेरी झाली आहे, म्हणजे अशी आखीव जागा चालवण्याचा अनुभव शेजारीच आहे. जिल्हा प्रशासनाने एका तालुक्यात एका पावसाळ्यापुरता प्रयोग करावा.

तोवर किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी दोन फुटी काळा फळा लावावा आणि रोज सकाळी त्यावर खडूने तीनच गोष्टी लिहाव्यात: आजची तिथी, भरतीच्या दोन्ही वेळा आणि 'वाहन खाली नेऊ नये'. खाली ट्रॅक्टरवाल्याचा फोन नंबर असावा. आपल्या दैनिकानेही किनारपट्टीच्या आवृत्त्यांत भरती-ओहोटीच्या वेळा शनिवार-रविवारी पहिल्या पानावर छापाव्यात, ही विनंती.

आपले,
फोर-बाय-फोर चालवणारे काही वाचक, पुणे